सकाळी आठचा आकडा

रक्ततपासणीचा कागद ही अलीकडच्या संसारातील एक नवीच पोथी होऊन बसली आहे. राजाजीनगरात आम्हां मराठी मंडळींची घरे इकडे तिकडे विखुरलेली आहेत. कोणी बँकेत, कोणी विमा कंपनीत, कोणी केंद्र सरकारच्या हिशेबतपासणीत. मूल आठपंधरा दिवस मलूल राहिले की डॉक्टर चिठ्ठी देतात, कोपऱ्यावरच्या प्रयोगशाळेत रक्त काढले जाते, आणि संध्याकाळी फोनवर आकड्यांची एक लांबलचक रांग येऊन पडते. त्या रांगेत 'कॉर्टिसॉल' या शब्दापुढे कमी आकडा आणि त्या आकड्यापुढे एक तारा दिसला, की आईबापांच्या पोटात गोळा उठतो. दिसेल त्याला ते ताऱ्याचा अर्थ विचारीत सुटतात. तो अर्थ एका वाक्यात सांगण्याजोगा नाही. हा आकडा वाचावयास शिकण्यास वैद्यकाला चारशे वर्षे लागली, आणि त्या शिक्षणाची फी काही रोग्यांनी प्राण देऊन भरली. आम्ही वैद्य नाही, इतिहासाचे वाचक आहोत. तेव्हा येथे औषधयोजना सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु तो तारा कोठून आला याची हकिकत माहीत असली, तर डॉक्टरांपुढे बसल्यावर नेमके काय विचारावे हे तरी समजते.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहानशा ग्रंथी असतात. प्रौढ माणसात एकेकीचे वजन चारपाच ग्रॅम. मराठीत त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. बार्तोलोमेओ एउस्ताकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने १५६३ साली त्यांचे वर्णन केले. पण त्या तेथे कशासाठी आहेत, हे त्याला सांगता आले नाही आणि त्याच्यामागून दीडशे वर्षे आलेल्या कोणालाही सांगता आले नाही. १७१६ साली फ्रान्समधील बोर्दो येथील विद्वत्सभेने या प्रश्नाच्या उत्तरासाठी बक्षीस जाहीर केले. आलेले निबंध तपासण्याचे काम एका तरुण न्यायाधिकाऱ्याकडे होते. पुढे राज्यसत्तेची त्रिविध विभागणी प्रतिपादून ज्याने जगभरच्या घटनाकारांना विचार करावयास लावले, तोच हा माँतेस्क्यू. निबंध सारे वाचून त्याने १७१८ साली निकाल दिला की बक्षीस कोणालाच देता येत नाही. जे अभ्यासाने साधले नाही ते कदाचित एखाद्या दिवशी योगायोगाने साधेल, असेही त्याने जोडले. सरकारी निविदा रद्द करताना असा मोकळा शेरा लिहिण्याची सोय आपल्याला नाही, एवढेच.

योगायोग घडावयास आणखी एकशे तीस वर्षे लागली. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील थॉमस ॲडिसन हा एका प्रकारच्या पंडुरोगाचा शोध घेत होता. त्यात त्याला असे काही रोगी आढळले, की जे दिवसेंदिवस क्षीण होत जात, अन्नावरची वासना उडे, पोटात ढवळे, नाडी मंद लागे आणि कातडी ब्राँझसारखी काळवंडे. मृत्यूनंतर पाहावे तो या टोपीसारख्या ग्रंथी नासलेल्या. १८४९ साली त्याने ही गोष्ट प्रथम वैद्यांच्या सभेत मांडली आणि १८५५ साली अकरा रोग्यांची हकिकत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यांपैकी बऱ्याच जणांच्या ग्रंथी क्षयाने खाल्लेल्या होत्या. पुढच्याच वर्षी ब्राऊन-सेकार याने पॅरिसमध्ये प्राण्यांच्या या ग्रंथी काढून पाहिल्या. प्राणी फार काळ जगले नाहीत. म्हणजे शोभेसाठी ठेवलेला हा अवयव नव्हता, त्यावाचून जीव जात होता.

येथे आपल्या लोकांसाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ॲडिसनचे वर्णन गोऱ्या कातडीवर लिहिलेले आहे. आपल्याकडील सावळ्या मुलांचे काळवंडणे सहज डोळ्यांत भरत नाही. उन्हात खेळतो म्हणून रापला, एवढे बोलून घरची माणसे मोकळी होतात. जाणते डॉक्टर अशा मुलाच्या हिरड्या, जीभ, तळहाताच्या रेषा आणि बोटांच्या पेरांवरची कातडी पाहतात, आणि शेजारी त्याच्या सख्ख्या भावाला उभे करून दोघांचा रंग ताडून बघतात. क्षयाचे म्हणावे, तर तो आपल्या देशातून अजून गेलेला नाही. म्हणून ॲडिसनचे ते जुने कारण येथे जुने झालेले नाही.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी, १९०१ साली, जपानी रसायनज्ञ ताकामिने याने या ग्रंथीच्या गाभ्यातील ॲड्रिनलिन शुद्ध रूपात वेगळे केले. लोकांना वाटले, गाठ सुटली. पण ॲड्रिनलिन टोचून ॲडिसनचे रोगी वाचेनात. प्राण होता तो गाभ्यात नव्हे, तर वरच्या सालीत. १९३० साली स्विंगल आणि फिफनर या दोघा अमेरिकनांनी त्या सालीचा अर्क काढून ग्रंथी काढलेली मांजरे जगवून दाखविली. त्याच सुमारास लोब याने दाखविले की या रोगात शरीरातले मीठ मूत्रावाटे वाहून जाते आणि नुसते मीठ पाजले तरी रोगी काही काळ तगतो.

या मिठाच्या संदर्भात १९४० साली विल्किन्स आणि रिक्टर यांनी अमेरिकन वैद्यक नियतकालिकात एका साडेतीन वर्षांच्या मुलाची हकिकत छापली. ती आम्ही प्रथम वाचली तेव्हा पुढचे पान उलटण्यास आम्हांस बराच वेळ लागला. हा मुलगा वर्षाचा असल्यापासून बिस्किटांवरचे मीठ चाटून खाई आणि बिस्किटे टाकून देई. पुढे त्याला मिठाची बरणी कोठे असते ते समजले, आणि मग तो मुठीने मीठ खाऊ लागला. जे मोजके शब्द तो आरंभी बोलू लागला त्यांत 'मीठ' हा एक होता. अळणी पदार्थ तो तोंडात घेईना. इकडे त्याच्या शरीरात अकाली प्रौढत्वाची चिन्हे दिसू लागली होती, म्हणून आईबापांनी त्याला बाल्टिमोरच्या प्रख्यात जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात नेले. रुग्णालयात त्याला सर्व मुलांना मिळतो तोच नियमित आहार मिळाला. बरणी घरी राहिली. सात दिवसांत मूल दगावले. शवपरीक्षेत अधिवृक्क ग्रंथींची रचना पार बिघडलेली दिसली. मीठ मागणे हा त्या मुलाचा हट्ट नव्हता. तो आपल्याला स्वतःच्या हाताने जगवीत होता. जगातल्या उत्तमांत गणल्या गेलेल्या रुग्णालयाला जे कळले नव्हते ते त्या अजाण पोराच्या जिभेला कळले होते. खाल्ल्या मिठाला जागावे असे आपण म्हणतो. येथे मीठच खाणाऱ्याला जागत होते. मुद्द्याच्या नेमकेपणासाठी सांगावयाचे तर, मिठाचा जमाखर्च पाहणारे मुख्य द्रव्य कॉर्टिसॉल नव्हे. ते त्याचे भावंड, अल्डोस्टेरोन. १९५३ साली ते शुद्ध स्वरूपात हाती आले. अनेक मुलांत ही दोन्ही भावंडे एकदमच दुर्मीळ होतात, म्हणून मीठ मागणाऱ्या मलूल मुलाकडे बालरोगतज्ज्ञ आजही कान टवकारून पाहतात.

आता कॉर्टिसॉलकडे वळू. मेयो क्लिनिकमध्ये केंडल आणि स्वित्झर्लंडमध्ये राइखस्टाइन हे दोघे खाटीकखान्यांतून मणांनी येणाऱ्या गुरांच्या ग्रंथी आटवून त्यांतून चिमूटभर स्फटिक काढण्यात गुंतले होते. केंडलने आपल्या द्रव्यांना अ, ब, इ, फ अशी इंग्रजी अक्षरे दिली होती. त्यांतील 'इ' म्हणजे पुढे कॉर्टिसोन झाले आणि 'फ' म्हणजे आपले कॉर्टिसॉल. दुसऱ्या महायुद्धात अशी अफवा उठली, की जर्मन वैमानिक या ग्रंथींचा अर्क टोचून घेऊन फार उंचावर विमाने नेतात. अफवा खोटी होती, पण तिच्यामुळे अमेरिकन सरकारने या संशोधनाला पैसा दिला. मर्क कंपनीच्या सॅरेट याने बैलाच्या पित्तातील द्रव्यापासून तीसहून अधिक पायऱ्या चढून कॉर्टिसोन बनविले. १९४८ च्या सप्टेंबरात हेंच याने सांधेदुखीने अंथरुणास खिळलेल्या एका तरुण स्त्रीला ते टोचले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० चे नोबेल पारितोषिक केंडल, राइखस्टाइन आणि हेंच या तिघांत वाटले गेले.

याच काळात आमचे राजाजीनगर जन्मास येत होते. १९४८ च्या जूनपासून १९५० च्या जानेवारीपर्यंत राजगोपालाचारी गव्हर्नर-जनरल होते. त्यांच्या नावाने बंगळूरच्या पश्चिमेस ही औद्योगिक वसाहत उभी राहू लागली. कर्मचारी राज्य विमा कायदाही १९४८ चाच, आणि त्या कायद्यातून पुढे येथे उभे राहिलेले ई.एस.आय. रुग्णालय आज वैद्यकीय महाविद्यालयासह चालू आहे. गिरणीकामगाराचे पोर आणि औषधाची कुपी यांच्यामध्ये जी दरी होती ती बुजविण्याचे काम या दोन्ही गोष्टींनी आपापल्या परीने केले.

बाल्टिमोरचा तो विल्किन्स मात्र त्या मुलाला विसरला नव्हता. कॉर्टिसोन हाती येताच, १९५० साली, त्याने ते त्याच जातीच्या जन्मजात विकाराच्या मुलांना देऊन पाहिले. या विकारात कॉर्टिसॉल बनविणारा एक किण्वक जन्मतःच अपुरा असतो. कॉर्टिसॉल होत नाही म्हणून मेंदूखालची पोष ग्रंथी, म्हणजे पिट्युइटरी, तगाद्यामागून तगादे पाठविते. अधिवृक्क ग्रंथी फुगते, आणि कच्चा माल आडवाटेने पुरुषी संप्रेरकांत जाऊन पडतो. बाहेरून कॉर्टिसोन दिल्याबरोबर तगादे थांबले आणि ती आडवाट बंद झाली. ज्या अर्भकांचा मृत्यू दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात 'वांत्या झाल्या' एवढ्या नोंदीवर मिटत असे, त्यांना आयुष्य मिळाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पाच शहरांत लाखभर नवजात बालकांची जी तपासणी केली, तीत सुमारे ५,७०० बालकांमागे एकाला हा विकार आढळला. गोव्याने २००८ साली नवजात बालकांच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेण्याची सरकारी योजना सुरू केली. बहुतेक राज्यांत मात्र ही तपासणी अद्याप रुग्णालयाच्या आणि आईबापांच्या मर्जीवर आहे.

पण कॉर्टिसोनच्या जयजयकाराला दोन-चार वर्षे होतात न होतात तोच दुसरी बाजू दिसली. १९५२ साली एका अमेरिकन नियतकालिकात एका रोग्याची हकिकत आली. तो दीर्घकाळ कॉर्टिसोन घेत होता. शस्त्रक्रियेपूर्वी ते बंद केले गेले. शस्त्रक्रियेनंतर रक्तदाब कोसळला तो वर आलाच नाही. त्याच्या अधिवृक्क ग्रंथी सुकून गेल्या होत्या. आमच्या वाचकांना हे कचेरीच्या भाषेत सांगितले तर लगेच पटेल. मेंदूतील हायपोथॅलॅमस हे सचिवालय, पोष ग्रंथी ही जिल्हाकचेरी, आणि अधिवृक्क ग्रंथी ही तालुक्याची कचेरी. वरून एसीटीएच नावाचा हुकूम निघतो, तालुक्यात काम होते, काम पुरेसे झाले की तसा अहवाल वर जातो आणि हुकूम थांबतो. आता तालुक्याला सारी रसद परस्पर बाहेरून मिळू लागली, तर वरचे हुकूम निघत नाहीत आणि खालचे कारकून झोपी जातात. मग एके दिवशी बाहेरची रसद एकदम तोडली आणि त्याच दिवशी पूर आला, तर कचेरीत जागे कोण असणार?

मुलांमध्ये कमी कॉर्टिसॉल आढळण्याचे हे कारण मोठे आहे, आणि बदलीच्या नोकरीतील कुटुंबांना ते विशेष जवळचे आहे. मूत्रपिंडाच्या एका विकारात अंगावर सूज येते आणि लघवीतून प्रथिने जातात. त्यात पहिल्याच खेपेला सुमारे बारा आठवडे प्रेडनिसोलोन देण्याची पद्धत आहे. दम्याच्या फवाऱ्यात स्टेरॉइड असते. कातडीवरच्या चट्ट्यांसाठी दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेल्या मलमांत ते असते, आणि तान्ह्याच्या कोवळ्या कातडीतून ते भराभर आत जिरते. नाकात घालावयाच्या काही थेंबांत असते. कोणा गावच्या वैद्याने दिलेल्या बिननावाच्या पुड्यांतही कधी कधी सापडते. नागपूरच्या डॉक्टरांनी औषध सुरू करावे, बदलीच्या धांदलीत ते संपावे, बंगळूरला आल्यावर मूल आता बरे आहे म्हणून पुन्हा आणू नये, आणि पहिल्याच पावसाळ्यात तापाने व वांत्यांनी मूल एकदम गळून जावे, अशी उदाहरणे बदल्यांवर फिरणाऱ्या कुटुंबांत आम्ही एकाहून अधिक पाहिली आहेत. येथील डॉक्टरांना नागपूरची चिठ्ठी माहीत नसते. सामानाच्या पेट्यांची यादी आपण चोख करतो, पण मलमाची नळी त्या यादीत नसते.

आता त्या आकड्याविषयी. रक्तातील कॉर्टिसॉल मोजण्याची कामचलाऊ रीत १९५० च्या दशकात आली. पुढे यालो आणि बर्सन यांच्या किरणोत्सर्गी मोजणीने सूक्ष्म मोजमाप सुलभ केले आणि त्याबद्दल यालो यांना १९७७ चे नोबेल मिळाले. मोजणी आली तसे ध्यानात आले की हे द्रव्य घड्याळाबरोबर चालते. पहाटेच्या साखरझोपेत ते चढू लागते, उठण्याच्या सुमारास शिगेस पोहोचते, दिवसभर उतरते आणि मध्यरात्री तळ गाठते. म्हणून रक्त सकाळी आठच्या सुमारास घ्यावयाचे. शाळा आणि शिकवणी आटोपून संध्याकाळी सहाला दिलेले रक्त सकाळच्या मापाने वाचले, तर निरोगी मुलाच्या नावापुढेही तारा पडेल. तान्ह्या बाळाला तर हे घड्याळच नसते. ते पहिल्या काही महिन्यांत हळूहळू बसते, म्हणून त्याच्या सकाळच्या आकड्याला सकाळचा अर्थ नाही.

दुसरी गोष्ट, रक्तातले बहुतेक कॉर्टिसॉल प्रथिनांच्या पाठीवर बसून हिंडते आणि नेहमीची मोजणी स्वार व घोडा यांची एकत्रच होते. वर सांगितलेल्या मूत्रपिंडाच्या विकारात प्रथिनेच वाहून जातात, तेव्हा आकडा खाली दिसतो, पण मोकळे कॉर्टिसॉल पुरेसे असू शकते. उलट प्रेडनिसोलोन चालू असताना रक्त दिले, तर काही यंत्रे त्यालाच कॉर्टिसॉल समजून आकडा फुगवितात. शिवाय कोठे मोजणी मायक्रोग्रॅममध्ये होते, कोठे नॅनोमोलमध्ये. १० मायक्रोग्रॅम म्हणजे सुमारे २७६ नॅनोमोल. दोन गावांचे दोन कागद शेजारी ठेवून घाबरण्यापूर्वी किंवा निश्चिंत होण्यापूर्वी एकक पाहावे.

सकाळचा आकडा ३ मायक्रोग्रॅमच्या खाली असला तर कमतरतेचा संशय बळावतो. १५ च्या वर असला तर तो बहुधा मावळतो. मधल्या विस्तीर्ण प्रदेशात नुसता आकडा मुका असतो. त्याला बोलते करण्याची युक्ती १९६० च्या दशकात निघाली. एसीटीएचचा कृत्रिम तुकडा टोचावयाचा, आणि अर्ध्या तासाने व एक तासाने पुन्हा रक्त घ्यावयाचे. सचिवालयाला वगळून तालुक्याला थेट हुकूम देऊन पाहावयाचा, की कारकून उठतात की नाही. याही परीक्षेला पळवाट आहे. वरचे कार्यालय नुकतेच बंद पडले असेल तर खालचे कारकून अजून ताजेतवाने असतात आणि परीक्षेत उत्तीर्ण होतात. यासाठी डॉक्टर एसीटीएच, सोडियम, पोटॅशियम, साखर आणि मुलाची वाढ हे सारे एकत्र मांडतात. एसीटीएच चढलेले असेल तर दोष तालुक्यात. उतरलेले असेल तर वर, किंवा बाहेरून आलेल्या औषधात.

म्हणजे तारा पडलेल्या दहा मुलांतील काहींना काहीच नसते, काहींच्या ग्रंथी निव्वळ झोपलेल्या असतात आणि काही महिन्यांनी जाग्या होतात, आणि एखाद्याला जन्मभर रोज गोळी घ्यावी लागते. ती गोळी घेऊन माणसे पूर्ण आयुष्य जगतात. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना ॲडिसनचा विकार होता. १९४७ साली त्याचे निदान झाले आणि त्यानंतर ते अध्यक्षपदापर्यंत पोहोचले. धोका असतो तो ताप, वांत्या, अपघात आणि शस्त्रक्रिया यांच्या दिवशी. निरोगी शरीर अशा दिवशी कॉर्टिसॉल कितीतरी पटींनी वाढविते. या मुलांना ते वाढवून द्यावे लागते. म्हणून निदान पक्के झालेल्या मुलाच्या आईबापांना आजारपणात गोळी दुप्पट-तिप्पट करण्याचा तक्ता डॉक्टर लिहून देतात. गोळी पोटात राहत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोनची सुई टोचतात; साधारणपणे अगदी लहान मुलाला २५ मिलिग्रॅम, शाळकरी मुलाला ५० आणि मोठ्याला १००. ही सुई प्रयोगशाळेच्या कागदाची वाट पाहत नाही. आधी टोचावयाची, मग मोजावयाचे. आणि जमल्यास टोचण्यापूर्वी रक्ताची एक नळी काढून ठेवावयाची.

इंग्लंडच्या आरोग्यसेवेने २०२० साली अशा रोग्यांसाठी खिशात बाळगण्याचे एक पत्र काढले. आमच्या राजाजीनगरातील एका कुटुंबाने तसलेच पत्र हाताने तयार करून मुलीच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात शिवले आहे. पुढच्या बाजूस इंग्रजीत विकाराचे नाव, औषध, मात्रा आणि डॉक्टरांचा दूरध्वनी. मागच्या बाजूस तोच मजकूर कन्नडमध्ये, कारण शाळेची आया आणि रिक्षावाला कन्नडच वाचतात. मराठीत त्यावर एकही अक्षर नाही. मुलीच्या वडिलांची पुढची बदली गुवाहाटीस होण्याची बोलवा आहे, आणि आई आतापासून असमिया लिहून देणारे कोणी मिळते का, हे विचारीत आहे.